शिक्का जाहलेला डोंगर

डोंगराची आई आणि वाहते पाणी, उभयतांस नमन असो. शके सोळाशे एकोणऐंशी, ईश्वरनाम संवत्सरी, वैशाखमासी एके राज्यी वर्तमान जाहले ते ऐसे. महाराजांस गलबते बांधावयाची होती आणि लाकूड पाहिजे होते, म्हणोन आज्ञा जाहली की, दूरच्या डोंगराचा नकाशा करावा, जेथे झरा असेल तेथील रान राखावे आणि निर्जळ असेल ते तोडावे. मग गिरमाजीपंत नकाशानवीस यांची रवानगी जाहली. पंत मोठे कसबी, परंतु शहरचे. पायी काटा मोडला तरी दरबारी मायन्याने कण्हणारे. त्यांनी ऊन न गणता खोरी रेखिली आणि शेवटी सुळक्याखालच्या दाट रानात एक सुके कातळ पाहिले. तेथे झिपरी नामे म्हातारी करवंदे तोडीत होती, तीस पुसिले, "येथे पाणी आहे काय?" ती म्हणाली, "थोरली म्हायेरी गेलीया, बाबा." पंतांस वाटले, हिची सून माहेरी गेली, ते रडगाणे आपणांस काय करावयाचे? मग 'निर्जळ' ऐसे लिहोन नकाशा सादर केला आणि त्यावर शिक्का जाहला.

पुढे ज्येष्ठात पंतांची लेक माहेरी आली. शेजारीण म्हणाली, "सासरचं घर सुनं पडलं असेल गं." लेक हसोन बोलली, "आषाढात जाईनच की परत." ते ऐकोन पंतांचे हातचा घास हातीच राहिला. थोरली म्हणजे सून नव्हे, झरा. उन्हाळ्यात आटला तर ते लोक मेला म्हणत नाहीत, माहेरी गेला म्हणतात. मग पंत तैसेच उठोन दरबारी गेले आणि हात जोडोन विनंती केली की, "नकाशा चुकला, कुऱ्हाडी थांबवाव्या." त्यावर दिवाणजी शांतपणे बोलिले, "पंत, शिक्का जाहलेला कागद चुकत नसतो. डोंगर चुकला असेल."

पंत भर पावसात डोंगरी पोहोचले, तो रान भुईसपाट जाहलेले. झिपरी कातळापाशी बसली होती, पंतही बसले. आषाढ गेला आणि श्रावण गेला. पडेल तो पाऊस मातीसकट खाली धावे आणि कातळातून थेंब न ये. पंतांस परम दुःख जाहले, लेकरासारखे रडिले आणि म्हणाले, "आई, हे माझ्यामुळे झाले." तिने कातळावरून हात फिरविला आणि बोलली, "आता तुमचा कागूद खरा झाला, बाबा."

दसऱ्यास नकाशे पडताळिले, तो हा तंतोतंत बरोबर निघाला, म्हणोन पंतांस शालजोडी देऊ केली. नाव पुकारिले, पंत उठले नाहीत. येणेप्रमाणे त्या राज्यात चुकीचा नकाशा एकही राहिला नाही.