सुई बिजलीबाईकडे वळली

"मानूस खोटं बोलंल, पंचांग खोटं बोलंल, पण ही सुई जन्मात खोटं बोलनार नाही!" अमरसिंग गुरुजींनी छाती फुगवून सांगितलं.

फुलसावंगीच्या अलीकडच्या तांड्यावर होळीचा दुसरा दिवस होता. नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या मुखियाच्या, अंगणात सगळा तांडा जमला होता आणि गुरुजींच्या तळहातावर एक पितळी डबी होती. वर काच, आत सुई. पुस्तकात तिला होकायंत्र म्हणतात, बाजारात कंपास.

गुरुजी तांड्यावरच्या शाळेत चौथीपर्यंतची पोरं शिकवत. दिशांचा धडा आला की ते फळ्यावर खडूनं सुई काढत. पण खडूची सुई कितीही सुबक काढली, तरी ती काही हलत नाही! म्हणून दिग्रसच्या बाजारात, पलटणीतून परतलेल्या एका शिपायाकडे ही खरीखुरी हलणारी सुई दिसली, तेव्हा गुरुजींचं इमान डळमळलं.

हो, इमानच! ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

गुरुजींची बायको बिजलीबाई. तिला तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, लग्नात रुपयांचा हार दिला होता. जुने, चांदीचे, राजाच्या मुंडक्याचे रुपये. "चकाकी देऊन आनतो," म्हणून गुरुजींनी तो हार दिग्रसला नेला, चांदीचे रुपये सोनाराला दिले आणि त्यांच्या जागी राजाच्याच मुंडक्याचे, पण निकेलचे रुपये ओवून आणले. चांदी महाग, निकेल स्वस्त. मधल्या फरकात कंपास बसला! घरी सांगितलं, "सरकारनं शाळेले धाडला."

बिजलीबाई हार पाहून हरखली. "अवो, किती लखलखून राह्यला!" त्या दिवशी तिनं नवऱ्याला दोन भाकरी जास्त वाढल्या. त्या दोन भाकरी गुरुजींच्या घशात आठ दिवस अडकून होत्या.

कंपास आला आणि त्या एवढ्याशा सुईमागे शंभर कामं लागली. फुलसावंगीचा नागोराव येऊन घेऊन गेला. त्यांच्या नव्या विहाराचं दार बरोब्बर पूर्वेला धरायचं होतं. रामलालनं विचारलं, "हरपलेला गोऱ्हा सापडंल का यानं?" मथुराबाई काचेला नाक लावून म्हणाली, "घड्याळ तं बेस हाय, पण काटा एकच काहून?" आणि नागोरावच्या पोरीनं, कौसल्येनं, वर्गात विचारलं, "गुरुजी, यानं गोल काढता येते का?"

अशा प्रश्नानं गुरुजी फुलून येत. "गोल काढाचा कंपास येगळा. तो ज्या पेटीत ठेवता, तिलेबी कंपासच म्हन्तात. अन हा रस्ता दाखोनारा कंपास येगळा. नाव एक, कामं दहा. तुमच्या मायसारखं!"

तर होळीच्या त्या दिवशी तांड्यातल्या बायांनी मजेखातर नायकाचा फेटा लपवला. पैज अशी लागली की, दुपारपर्यंत पुरुषांनी तो शोधायचा, नाहीतर साऱ्या बायांना रांधून वाढायचं! नायक शंकरसिंगाचं उघडं डोकं सोललेल्या कांद्यासारखं चमकत होतं. चुलीच्या धास्तीनं पुरुषांनी कणग्या पालथ्या घातल्या, कोंबड्यांच्या खुराड्यात हात घातले. फेटा काही सापडेना.

"मास्तर, काढ तुही सुई!" नायक गरजला.

"नायक, हे दिशा दाखोते. फेटे नाही दाखोत."

"फेटाबी कोन्या तरी दिशेलेच असंल ना! आत्ताच म्हनत होता, सुई खोटं बोलत नाही म्हनून!"

नायकानं गुरुजींचं मनगट धरलं आणि बायांच्या रांगेपुढून त्यांना बैलासारखं चालवत नेलं. नायकाची बायको रामीबाई ऐटीत मांडी घालून बसली होती. सुई ढिम्म. जमनाबाईपुढे नेली. सुई ढिम्म. तेवढ्यात, नवरा काय दाखवतोय ते बघायला बिजलीबाई वाकली. गळ्यातला हार डबीवर लोंबला आणि सुई गरकन तिच्याकडे वळली!

"सापडली चोट्टी!" पुरुषांनी हलगी बडवली.

सुई का वळली, हे अख्ख्या तांड्यात गुरुजींना एकट्यालाच ठाऊक होतं! ते एक पाऊल मागे सरले. बिजलीबाई एक पाऊल पुढे आली. सुई गाईमागे वासरू फिरावं तशी तिच्यामागे फिरू लागली.

"माह्याजवळ फेटा नाही!" बिजलीबाई कडाडली.

"तुह्याच नवऱ्यानं सांगतलं, सुई खोटं बोलत नाही," नायक म्हणाला.

"मंग नवरा खोटं बोलते!"

किती खरं बोलली होती बिचारी!

आता सुटकेची एकच वाट होती. सुई बिघडली म्हणायचं की झालं. गुरुजींनी तोंड उघडलं. पण समोर त्यांचीच बावीस पोरं उकिडवी बसून टक लावून पाहत होती.

"सुई... जरा बिघ..."

"नाही गुरुजी!" कौसल्या ताडकन उठली. "बिघडली नाही! जवळ लोखंड असलं का सुई तिकडं वळते. तुम्हीच शिकवलं!"

"मंग शोधा लोखंड!" बिजलीबाईनं भराभर बांगड्या उतरवून डबीजवळ धरल्या. सुई हलली नाही. कानातले झुबे धरले. हलली नाही. मग गळ्यातला हार काढून धरला. सुईनं अशी उडी मारली, जणू माहेरचं माणूस दिसलं!

"हा तं चांदीचा हाय," बिजलीबाई म्हणाली.

गुरुजींनी पोरांना डोळ्यांनी खुणावलं, गप बसा रे! पण खूण म्हणजे 'म्हणा' असंच त्यांना वर्गात शिकवलेलं. बावीस गळ्यांनी एका सुरात पाढा सुरू केला:

"चांदीकडं वळत नाही! सोन्याकडं वळत नाही! तांब्या-पितळेकडं वळत नाही! लोखंड आन् निकेल! लोखंड आन् निकेल!"

आपण इतकं चांगलं का शिकवतो, याचा गुरुजींना आयुष्यात पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

बिजलीबाईनं एक रुपया दाताखाली धरून पाहिला. मग हळूच विचारलं, "कंपास सरकारनं धाडला ना?"

"...हो."

"अन सरकार माह्या हारात कवा हात घालून गेलं?"

गुरुजींची मान खाली गेली. "चुकलो, बिजली. खडूची सुई फिरत नव्हती. पोरं फळ्याकडं पाहून जांभया देत होती. मले राहवलं नाही."

नायकाला हसावं की रागवावं कळेना. रामीबाईला मात्र कळलं. ती हसून हसून एका कुशीवर कलंडली, आणि तिच्या मांडीखालून नायकाचा फेटा निघाला! पण दुपार टळून गेली होती. पुरुष मुकाट्यानं चुलीकडे गेले.

बिजलीबाईनं नवऱ्यापुढे हात पसरला. "आना इकडं."

"कायले?"

"माह्या याडीच्या चांदीचा हाय. म्हनून माहा हाय."

तिनं सोनाराकडून डबीला कडी लावून घेतली आणि हाराच्या ऐन मधोमध कंपास लटकवला. दिशांचा तास असला की पोरांची ही काकू शाळेत येई, हार काढून टेबलावर ठेवी, कंपास कडीतून सोडवून निकेलपासून चार हात दूर सरकवी आणि गुरुजी चुकले तर सर्वांदेखत दुरुस्त करी. पोरं आता जांभया देत नव्हती. गुरुजी खूश होते, म्हणजे पोरांपुरते तरी!

पंधरा दिवसांनी डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले. गुरुजींनी मोठ्या विश्वासानं कौसल्येला उभं केलं.

"सांग पाहू, उत्तर दिशा कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"आत्ता सांगता येत नाही, साहेब."

"का बरं?"

"काकू पान्याले गेली."