राजपेटीत दोघे

"उद्या दिवेलागणीला या राज्याचा राजा मी!" असं धाकट्यांनी जाहीर केलं, तेव्हा सुतार त्यांच्या शवपेटीला पॉलिश करत होता. तो बरं म्हणाला आणि झाकणावर मुकुट कोरायला तेवढी जागा सोडून पुढचा हात मारू लागला.

धाकटे म्हणजे राजाचे सख्खे धाकटे भाऊ. रक्तपिशाच्चांच्या राज्यात धाकटं असणं यासारखी शिक्षा नाही. माणसांमध्ये थोरला कधीतरी मरतो आणि धाकट्याचा नंबर लागतो. इथे कोणी मरायचं नावच घेत नाही. शेकडो वर्षं ते दरबारात दादांच्या डाव्या हाताला उभे होते, आणि कालपरवाचे सरदारसुद्धा त्यांना 'धाकटे' म्हणत. हे त्यांना फार लागायचं.

मार्ग एकच होता. तळघरात राजपेटी होती. सूर्य मावळला की भालदार तिचं झाकण उघडणार आणि आतून जो उठेल त्याचा जयजयकार करणार, असा कायदा होता. ज्या पेटीतून उठून राजा झालात, तीच तुमची राजपेटी आणि ती कधीही बदलायची नाही, असंही त्यात पुढे म्हटलं होतं. पण कायदा शेवटपर्यंत वाचतो कोण? धाकट्यांना पहिलं वाक्य पाठ होतं, आणि तेवढं त्यांना पुरेसं वाटत होतं.

पहाटे त्यांनी दादांना त्यांच्या पहिल्या शिकारीची गोष्ट विचारली. ती सुरू झाली की दादांना कशाचं भान राहत नसे आणि ऐकणाऱ्यांना जांभया आवरत नसत. दादा ऐन रंगात आले तसे धाकटे घसा ओला करून येतो म्हणून उठले, ते थेट राजपेटीत जाऊन आडवे झाले. आतली गादी पापडासारखी चपटी होती. राज्य मिळाल्यावर गादीचं बघू, असं त्यांनी ठरवलं.

तेवढ्यात झाकण उचललं गेलं. वर राणीचे एकुलते भाऊ उभे होते. बहिणीचं लग्न झाल्यापासून या मेहुण्यांना राज्य आपल्याच घरचं वाटत असे.

"सरका जरा," मेहुणे म्हणाले. "झरोक्यातून ऊन यायला लागलंय."

परत पाठवावं तर मेहुण्यांची राख होणार, आणि ती झाडायची कोणी? धाकटे सरकले. संध्याकाळी आधी कोणी उठायचं यावर दोघांचं कुजबुजत भांडण जुंपलं. दादा पेटी उघडायला आले, तेव्हा मात्र दोघांनी एकजुटीनं झाकण आतून धरून ठेवलं. दादा भिंतीकडेच्या सावलीतून निमूटपणे निघून गेले.

मग धाकट्यांच्या पोटरीला कोणीतरी चावलं. पाहुण्यासारखं राहा, असं त्यांनी मेहुण्यांना बजावलं. मेहुणे म्हणाले, माझ्या मानेला मघापासून तुम्हीच तर चावताय! एकमेकांचे दात चाचपून झाले, आणि मग दोघांनाही एकदमच कळलं. गादीत ढेकूण होते. शेकडो वर्षं राजाच्या रक्तावर पोसलेले, टपोरे, कोणाला न भिणारे ढेकूण! रक्त पिणाऱ्यांच्या राजाचंच रक्त कोणी पितं हे दादांनी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोणत्या तोंडानं? बाहेर ऊन होतं, त्यामुळे दिवसभर पळायची सोय नव्हती.

सूर्य मावळला. भालदारानं झाकण उघडलं आणि दोघे खाजवत बाहेर उडाले. जयजयकारासाठी उघडलेलं भालदाराचं तोंड तसंच राहिलं. मागून दादा आले, वहिनींना सोबत घेऊन. इतके ताजेतवाने दादा कोणी पाहिले नव्हते.

"काय पेटी आहे रे तुझी," ते धाकट्यांना म्हणाले. "पडल्या पडल्या डोळा लागला. बरं, राजा तू ना आता?"

"व्हा की राजे, भावजी," वहिनी म्हणाल्या. "फक्त मग रोज इथंच झोपायचं. कायदाच आहे."

धाकट्यांनी भालदाराकडे पाहिलं. त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकायला ते जन्मभर तळमळले होते. मग त्यांनी पेटीकडे पाहिलं. गादीची शिवण जराशी हलली. त्यांचे डोळे भरून आले.

"दादा, राज्य तुमचंच," ते म्हणाले. मेहुणे तर कधीच पायऱ्या चढून गेले होते.

अशा रीतीनं दादा नव्यानं राजा झाले. आणि त्या दिवशी ते उठले होते धाकट्यांच्या पेटीतून, म्हणून राजपेटी ती! वहिनींनी कायद्याचं ते वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. सुतारानं मोकळ्या सोडलेल्या जागेत मुकुट कोरायला घेतला. आता मी कुठं झोपू, असं धाकट्यांनी विचारलं, तेव्हा सगळे जुन्या पेटीकडे पाहू लागले.

पहाट होत आली तसं दादांनी त्यांना मायेनं जवळ बसवलं. शिकारीची गोष्ट काल अर्धवट राहिली होती, ती पुरी करू का, असं विचारलं.

"सावकाश सांगा, दादा," धाकटे पोटरी खाजवत म्हणाले. "अगदी पहिल्यापासून."