विश्वजित साळवेचं धाडसी पाऊल

त्या रविवारी चर्चमध्ये विश्वजित साळवे पाळकांचं प्रवचन, म्हणजे संदेश, संपेपर्यंत जागा राहिला, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. एरवी पाळकसाहेबांनी संदेशाला सुरुवात केली की याचे डोळे मिटायचे. (भक्तिभावाने, असं तो म्हणे. त्याची बायको उज्वला दुसरं काही म्हणे.)

पण सानपाड्यातल्या त्यांच्या छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीत आता नवे पाळक आले होते, रेव्हरंड श्यामसुंदर कसबे. ते पहिल्याच संदेशात कडाडले, "किती वर्षं तीच माणसं आणि त्याच खुर्च्या? मन बदला, विचार बदला! प्रभू लोकांच्या दारी गेला. तुम्हीही जा. उपदेश करू नका, पत्रकं वाटू नका. शेजाऱ्याला एवढंच विचारा, मी तुमच्यासाठी काय करू? आहे का कुणाची छाती? त्याने पुढच्या रविवारी इथे उभं राहून साक्ष द्यावी, काय घडलं ते सगळ्यांना सांगावं."

हॉलमधले सगळे एकदम आपापल्या पायांकडे बघू लागले. विश्वजितने हात वर केला. का केला, हे त्याला आजही नीट सांगता येत नाही. पण उज्वलाने वळून त्याच्याकडे पाहिलं, ते थेट लग्नाच्या फोटोतल्यासारखं. या नजरेला आता आठवडाभर तरी जपायचं, असं त्याने मनाशी ठरवलं.

सोमवारी कळंबोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून सुटल्यावर त्याने आपल्याच बिल्डिंगमधली पहिली बेल दाबली. मुस्तफाभाईंनी दार उघडलं.

"मुस्तफाभाई, मी तुमच्यासाठी काय करू?"

"का? काय झालं?"

"काही नाही. असंच विचारतोय."

"असंच कोन विचारतंय, साळवे?" मुस्तफाभाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अच्छा! शनिवारी सोसायटीचं इलेक्शन! आधी बोलायचं ना. आमचं सगळं घर तुमच्या पाठीशी. फक्त आमच्या बाथरूमची गळती बगा."

"अहो, तसं नाही..."

"सगळे आधी असंच बोलतात."

उपदेश करायचा नाही, ही पाळकसाहेबांची सक्त ताकीद होती. खुलासा हा उपदेशात मोडतो की नाही, हे विश्वजितला काही केल्या ठरवता येईना. म्हणून त्याने सरळ पुढची बेल दाबली.

तोवर बातमी लिफ्टने वर पोचली होती. शेवटच्या मजल्यावरच्या साताऱ्याच्या राजाबाई दारातच उभ्या होत्या. "या, या! त्ये पान्याचं तेवढं बगा. कदी येतं, कदी येत न्हाई."

सेक्रेटरीपदातून सुटायला कित्येक वर्षं तडफडणारे बाबासो तर रात्री पेढेच घेऊन आले. "साळवेसाहेब, देव पावला!"

"बाबासो, मी खरं तर देवाच्या कामाला निघालो होतो."

"मग ह्ये देवाचंच काम हाय की! मानसाच्यानं व्हतंय व्हय?"

बाबासो गेल्यावर उज्वलाने विचारलं, "तुम्ही नक्की काय विचारलंत लोकांना?"

"काय करू, एवढंच."

"आणि प्रार्थना कुणासाठी केलीत?"

"स्वतःसाठी."

शनिवारी विश्वजित एकमताने सेक्रेटरी झाला. (विरोधात उभं राहण्याइतकं वेडं बिल्डिंगमध्ये दुसरं कुणी नव्हतं.) बाबासोंनी पंपाच्या खोलीची किल्ली त्याच्या हातात कोंबली आणि तो परत देईल या भीतीने ते लिफ्टची वाट न बघता जिन्याने पळाले.

रविवारी सकाळी नव्या सेक्रेटरीने पाण्याची मोटार चालू केली आणि घाईघाईने उपासना गाठली. आयुष्यातली पहिली साक्ष द्यायची होती! उज्वलाने शर्टाला स्वतः इस्त्री केली होती. पण साक्षीत सांगायचं काय? एकही माणूस चर्चला आला नव्हता, उलट आपणच सोसायटीत अडकलो. यात देवाची योजना कुठली आणि आपला गाढवपणा कुठला, याचा त्याला उलगडा होईना. आज उज्वलाची मान खाली जाणार, ही धास्ती वेगळीच.

नाव पुकारलं गेलं. तो उभा राहिला. "मी... शेजाऱ्यांच्या दारी गेलो आणि विचारलं..."

तेवढ्यात हॉलचं दार उघडलं. राजाबाई आत आल्या. मागोमाग पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेले मुस्तफाभाई, त्यांच्यामागे बाबासो, आणि त्यांच्यामागे जवळजवळ अख्खी बिल्डिंग.

पाळकसाहेबांनी दोन्ही हात पसरले. "बघा, बघा! नव्या मनाने टाकलेल्या पावलाचं फळ बघा! या, बसा!" खुर्च्या सरकल्या. कुणीतरी 'हालेलुया' म्हणालं. उज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. विश्वजितला यातलं काही कळलं नाही, पण त्याची छाती मात्र आपोआप फुगली.

पाळकसाहेब खाली उतरून राजाबाईंसमोर हात जोडून उभे राहिले. "बाई, मोकळेपणाने सांगा. साळवेभाऊंमध्ये असं काय दिसलं तुम्हाला, की सगळं सोडून धावत इथे आलात?"

"आवं, त्यांच्यात काय दिसायचंय!" राजाबाई ओला पदर पिळत म्हणाल्या. "मोटार चालू ठिवून, खोलीला कुलूप घालून, फोन बंद करून हितं येऊन बसल्यात. गच्चीवरची टाकी वाहून पानी माज्या घरात शिरलं, खाट तरंगाय लागलीया. त्यांचं ऱ्हाऊ द्या, त्यांच्या खिशातली किल्ली तेवढी द्या!"