मुक्कामी गाडीचे साळवे मामा

साळवे मामा आमच्या समोर राहतात आणि दिवसभर ब्रेक मारतात. मुकुंदवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची प्लास्टिकची खुर्ची असते. एखादी मोटारसायकल जोरात आली की मामांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. ती सुखरूप निघून गेली की पाय सैल. एसटीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण पाय अजून ड्यूटीवर आहे. एकदा एका लग्नात नवरदेवाचा घोडा बँडवाल्यांच्या अंगावर जायला लागला, तेव्हा मामांनी बसल्या जागी असा करकचून ब्रेक दाबला की शेजारच्या बाई कळवळल्या. त्यांच्या पायावर मामांचा बूट होता. मामांनी माफी मागितली ती अशी : "ताई, तुमी क्लच दाबायला पायजे व्हता."

त्यांची भाषाही डेपोतलीच. जेवण झालं की "डिझेल टाकलं". झोपायला निघाले की "गाडी शेडला लागली". गल्लीत कुणी घाईत दिसलं की ठरलेला सवाल : "लई घाई हाय का?" उत्तराची वाट ते बघत नाहीत. मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी कमलमामी गेल्या, तेव्हापासून घरात एकटेच. डबा येतो तो मात्र नियमित रिजेक्ट होतो. भाजीत तेल जास्त म्हणजे "ऑइल लीक".

मी वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर आहे. गेल्या वर्षी जुनी गाडी घेतली. सप्टेंबरात मी आणि माझी बायको वैशाली, आम्ही तीन दिवस डोंगरातल्या गावांतून हिंडून यायचं ठरवलं. संगमनेर, अकोले, पुढं इगतपुरी, जव्हार. मामांना पत्ता लागलाच. शनिवारी पहाटे, निघायच्या वेळी ते दारात उभे.

"घाट चढवला का कधी?"

"दौलताबादचा चढवलाय की."

"त्याला घाट म्हनत्यात व्हय? त्यो स्पीड ब्रेकर हाय." मग जरा थांबून म्हणाले, "मी येतो संगं. फक्त राजूरवरनं जायचं."

वैशालीनं माझ्याकडं पाहिलं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण मामांची बॅग आधीच ओट्यावर आलेली होती.

निघालो. मामा माझ्या शेजारी, वैशाली मागं. लासूर स्टेशनच्या चहापर्यंत मामांनी माझ्यापेक्षा जास्त ब्रेक मारले होते. मोबाइलमधली बाई "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा" म्हणाली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हिला कुठल्या डेपोनं पाठवली?" पुढं वैजापूरपर्यंत ती आणि मामा एकाच वेळी बोलत राहिले. शेवटी वैशालीनं त्या बाईला गप्प केलं. मामांना गप्प करायची सोय नव्हती.

आम्ही डोंगर बघायला निघालो होतो. मामा ष्टँड बघत होते. प्रत्येक गावात गाडी ष्टँडावरून न्यायचीच. तिथला नळ, आत वळायची जागा, कंट्रोलरची खिडकी, एवढं बघितलं की गावाचा निकाल लागायचा. "कोपरगाव, बरं हाय." "संगमनेर, गर्दी लई, पन मानसं जागा देत्यात." अकोल्यात त्यांनी एका ड्रायव्हरला उभ्या उभ्या टायरमधल्या हवेवर भाषण दिलं. तो बिचारा हातात बिस्किट धरून ऐकत होता.

अकोल्याच्या पुढं डोंगर जवळ आले. उतारावर सोनकीची पिवळी फुलं, खाली भाताची खाचरं, मधूनच एखादं कौलारू घर. वैशालीनं खिडकीची काच खाली केली. घाट सुरू झाला आणि मामा एकदम गप्प झाले. मला वाटलं, माझ्या ड्रायव्हिंगला मार्क देतायत. बघतो तर त्यांनी खिशातून कंगवा काढला होता. वर पोचेपर्यंत त्यांनी तीनदा भांग पाडला. शर्टाचं वरचं बटण लावलं, मग काढलं.

"राजूरला हौसाक्काची खानावळ हाय," ते म्हणाले. "चौदा वर्सं माझी मुक्कामी गाडी व्हती हितं. आठवड्याला दोनदा रातच्याला हितंच. तिच्याकडंच जेवायचो. तिथं तू जास्त बोलू नको."

"का हो मामा?"

"जेवताना बोलू नये."

हे मामांनी सांगावं, याचं मला हसू आलं.

खानावळ ष्टँडाच्या मागं होती. चार टेबलं, भिंतीवर कॅलेंडर, चुलीपुढं सत्तरीची एक ठेंगणी बाई. मामांना बघताच ती हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून पुढं आली.

"साळवे डायवर! अरं, गाडी बंद झाली ती तूबी बंद झाला व्हय?"

मामा नुसतेच हसले. मग तिची नजर माझ्यावर गेली. तिनं पदरानं हात पुसले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "ह्यो संदीप ना?"

माझं नाव संदीपच आहे. पण राजूरला मी आयुष्यात पहिल्यांदा आलो होतो.

"केवढा झाला रं! ते कुत्रं चावलं व्हतं तुला, कुठल्या पायाला?"

"डाव्या," मी म्हणालो. चावलं होतं, तेरा वर्षांचा असताना.

"तवा तुजा बाप हितं बसून जेवलाच नाही. ताट तसंच." ती वैशालीकडं वळली. "अन् दहावीला गणितात गेला व्हता ह्यो. बापाला दोन घास गेले नाहीत तवाबी. मंग आयटीआय केलं. मीच म्हनले व्हते, पोराला मारू नको, हाताचं काम शिकव."

मी मामांकडं पाहिलं. मामा कॅलेंडर वाचत होते. ते मागच्या वर्षीचं होतं.

माझे वडील पंचायत समितीत कारकून होते. दहावीच्या निकालाला त्यांनी मला पट्ट्यानं मारलं होतं. दोन दिवसांनी पुन्हा पट्टा निघाला, तेव्हा मुक्कामावरून आलेले साळवे मामा समोरून आले आणि वडिलांचा हात धरून म्हणाले, पोराला आयटीआयला घाला. ही अक्कल कुठून आली होती, ते मला राजूरला कळलं.

वैशाली चटकन काही बोलेल असं मला वाटलं. पण ती उठली आणि हौसाक्काच्या पाया पडली. म्हातारीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"सून व्हय! बरं केलं आणलीस. अन् कमल का नाही आली?"

मामा पहिल्यांदाच बोलले. "कमल गेली आक्का. दोन वर्सं झाली."

हौसाक्का खाली बसली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी तिचं लक्ष नव्हतं. मग तिनं विचारलं, "मंग आता? पोरगं, सून हाईत ना जवळ?"

मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. तांब्या उचलला, पाणी नव्हतं, तरी पेल्यात ओतत राहिले.

"आहोत की," मी म्हणालो. "समोरच असतो."

"समोर म्हंजे?"

"म्हणजे," वैशाली म्हणाली, "त्यांच्या डोळ्यांसमोर."

मग आम्ही जेवलो. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, तेल भरपूर. मामांनी भाजी दोनदा मागून घेतली. निघताना हौसाक्कानं वैशालीच्या पिशवीत तांदूळ घातले आणि मला बजावलं, "त्याला येकट्याला जेवू देऊ नको. येकटा असला का ताट तसंच ठिवतो."

राजूर सुटलं. बारीचा घाट लागला. मग मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पयल्या मुक्कामाला तिनं इचारलं, पोरंबाळं किती. जिथं जाईल तिथं नाय नाय म्हनून वैताग आला व्हता. त्या दिशी येक हाय म्हनलो. मंग फुडच्या खेपंला तिनं इचारलं, पोरगं कसं हाय. आता काय सांगावं? तू दिसायचा समोर."

"पण मामा," मी म्हणालो, "गणितात नापास झाल्याचं कशाला सांगायचं?"

"नुसतं चांगलंच सांगितलं असतं, तर खरं वाटलं नसतं तिला."

मागच्या सीटवर वैशालीनं नाक पुसलं. मी गिअर बदलला.

संध्याकाळी इगतपुरीला पोचलो. लॉजच्या मॅनेजरनं रजिस्टर उघडलं, आमची नावं लिहिली आणि मामांकडं पेन रोखून मला विचारलं, "हे कोण तुमचे?"

माझा शब्द तयार होता. घाट उतरल्यापासून तयार होता. पण मामा मला हातानं बाजूला सारून काउंटरपाशी गेले.

"शेजारी हाय मी त्यांचा," ते म्हणाले. "मुकुंदवाडीचा. नीट लिवा."