पिंपळाला भोकाचं मडकं

झाड जगवण्यात माझा हात धरणारा आमच्या गावात कुणी नाही! वाळून काड्या झालेली रोपं लोक माझ्या दारात आणून टाकतात आणि हिरवीगार झाली की परत नेतात. म्हणूनच सुभेदार आकाराम पेन्शनीच्या कामाला पुण्याला निघाले, तेव्हा आपला बुटका पिंपळ त्यांनी माझ्याच हवाली केला.

सुभेदार पलटणीबरोबर जपानात राहून आले होते. तिथले लोक म्हणे मोठमोठी झाडं छाटून, तारा गुंडाळून ताटलीत वाढवतात! ते पाहून सुभेदारांनी विहिरीच्या भिंतीतला पिंपळ उपटला आणि जपानहून आणलेल्या निळ्या, उथळ कुंडीत लावला. वीतभर झाड, पण दिसायला पणजोबासारखं वाकलेलं.

"कृष्णात, झाडाला काय झालं तर तुझी गय न्हाई!"

पलटणीत मी त्यांच्याच हाताखाली होतो. त्यांचा आवाज ऐकला की अजून माझ्या टाचा आपोआप जुळतात. "साहेब, बिनघोर जावा!" मी म्हणालो.

त्यांची मोटार धुरळ्यात दिसेनाशी होते न होते, तोच मांजरानं उडी मारली आणि कुंडीच्या खापऱ्या अंगणभर झाल्या!

बायकोची पितळी परात ओढून मी पिंपळ तिच्यात बसवला.

"आवं, माझी परात! आन पिंपळ घरात? मुंजा येऊन बसंल छातीवर!"

मुंजाचं मला काही वाटलं नाही. सुभेदारांचं वाटत होतं! परातीला भोक नाही, त्यामुळे घातलेलं पाणी तिथंच तुंबलं. मातीला डबक्याचा वास सुटला, पानं हळदीसारखी पिवळी पडली. रोज एक पान गळायचं आणि रोज माझं एक शेर रक्त आटायचं!

धावतपळत सांगलीला गेलो. जिनदत्त शेठजींच्या दुकानात तशाच उथळ चिनी मातीच्या थाळ्या होत्या. किंमत ऐकून मी थाळी दोन्ही हातांनी, बाळ ठेवावं तशी खाली ठेवली. तरी विचारलं, "हिच्या बुडाला भोक पाडून द्याल?"

शेठजींनी चष्मा कपाळावर नेला. "पावनं, शाबूत थाळी महाग वाटती, मग फुटकी घेऊन काय करणार?"

हात हलवत परत आलो. सुभेदार दुसऱ्या दिवशी दुपारच्या मोटारीनं येणार होते. शेवटी गुंडा कुंभाराचं घर गाठलं.

"गुंडा, एक मडकं दे. बुडाला भोकं पाडून. आत्ताच्या आत्ता!"

गुंडाच्या हाताखालचं चाक थांबलं. "कुणासाठी रं?"

"सुभेदारांसाठी. पिंपळाला लागतंय."

"आरं द्येवा! आसं आचानक?"

"मांजर आडवं आलं, गड्या. सगळा घात झाला."

गुंडानं डोळे पुसले, रुंद तोंडाचं बुटकं मडकं काढलं आणि बुडाला अगदी हळू हातानं भोकं पाडली. पैसे द्यायला गेलो तर हात मागे घेतला. "असल्या मडक्याचं पैसं घ्यायचं व्हय? त्यांचं लय उपकार हायेत." जाताना हळूच विचारलं, "कवा आणणार?"

"उद्या दुपारी. पुण्याच्या मोटारीनं."

फुकट मडकं! मी खूश. भोकांवर खापऱ्या ठेवल्या, वाळू पसरली, पिंपळ लावला आणि मडकं निंबाखाली दोन विटांवर ठेवलं. खालून पाणी थेंब थेंब गळू लागलं. ते बघून मी सुखानं झोपलो.

सकाळी दार उघडतो तर अंगण माणसांनी भरलेलं! पुरुष उघड्या डोक्यानं बसलेले. बायका गळणाऱ्या मडक्याकडं बघून पदर तोंडाला लावत होत्या.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"सुभेदार गेलं की रं!" कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात सुभेदारांची बहीण मनुबाई माहेरची वाट तुडवत हंबरडा फोडत आली आणि मीही ओक्साबोक्शी रडू लागलो. एवढा धिप्पाड माणूस! मध्येच मनात आलं, आता कुंडीचं कोण विचारणार? लगेच स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली आणि दुप्पट रडलो.

दुपारी मोटार थांबली. आत तिरडीवरचं कुणी नव्हतं. सुभेदार स्वतः, स्वतःच्या पायांनी, मिशीला पीळ देत खाली उतरले!

"भूत!" अंगण रिकामं झालं. मनुबाई माझ्या बायकोच्या पदराआड शिरली. गुंडा निंबावर चढला. मला पळताच येईना, टाचा जुळल्या होत्या!

"कोण मेलंय?" सुभेदार गरजले.

वरून गुंडाचा आवाज आला, "तुमीच की!"

मग गुंडानं फांदीवरूनच सगळं सांगितलं. मडकं, पिंपळ, मांजर, मोटार. माणूस गेलं की पिंपळाला भोकाचं मडकं टांगतात, आणि मी नेमकं तेच मागितलं होतं! ऐकता ऐकता मला उमगलं. ही बातमी तर मीच गावात सोडली होती आणि मीच तिच्यावर रडलो होतो!

सुभेदार पुढं आले. मडक्याजवळ बसले, मातीत बोट खुपसलं, खालून गळणारं पाणी पाहिलं.

"निचरा ब्येस हाय. त्या निळ्या कुंडीत पाणी तुंबायचं."

माझा जीव भांड्यात पडला. तोच ते उठले आणि माझ्याकडे वळले.

"आन ती निळी कुंडी कुठं हाय?"

मी मांजराकडं बोट दाखवलं. शेवटी बायकोच निंबाकडं बघून म्हणाली, "गुंडाभाऊ, खाली या. अजून एक मडकं लागंल."

तेव्हापासून कुंडी घ्यायला गेलो की गुंडा आधी विचारतो, "झाडाला का माणसाला?" झाडाला म्हटलं की पैसे घेतो!