उलट्या खुर्च्या आणि हक्काचा पगार

"पोटाची काळजी मिटली ना, की माणूस दुप्पट काम करतो! छातीठोक सांगतो!"

दाजींनी हे सांगताना छाती नाही, टेबल ठोकलं. कप कलंडला आणि चहा टेबलाच्या ताज्या पॉलिशवर पसरला. आता ते पुन्हा घासायचं काम पॉलिशवाल्या काकांचं, आणि काकांचे हात तर हल्ली थरथरत. खरं तर त्या हातांवरूनच हे भांडण पेटलं होतं.

जुनं फर्निचर दुरुस्त करायचा हा कारखाना दाजींच्या मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा. दाजी तिथेच कारागीर. तो 'दाजी' म्हणतो म्हणून अख्खा कारखाना त्यांना दाजीच म्हणतो. काकांना आता घरी बसवायचं, असं मेहुण्याने सकाळी जाहीर केलं आणि दाजी उसळले.

"घरी बसव की! पण पगार चालू ठेव. दोन वेळचं सुखाने जेवता येणं हा नागरिकाचा हक्क आहे, मेहरबानी नाही!"

"मग सरकारकडे मागा! माझ्या गल्ल्यावर का डोळा?"

"सरकार देईल तेव्हा देईल. तोवर काकांनी काय हवा खायची?"

"दाजी, बसून पगार मिळाला की माणूस लोळतो. उद्या सगळेच हात थरथरवत येतील!"

झालं! शब्दाने शब्द वाढला आणि पैज लागली. एक आठवडा दाजींनी घरी राहायचं, पगार पूर्ण, कामाची सक्ती नाही. मेहुणा केव्हाही येऊन बघणार. दाजी लोळताना सापडले तर काकांना नारळ. नाही सापडले तर काकांना जन्मभर पगार, येवोत न येवोत!

काकांनी फडकं घेतलं आणि सांडलेला चहा पुसायला लागले. त्यांचा घास आता दुसऱ्यांच्या पैजेवर टांगलेला होता.

पहिल्या दिवशी दाजींनी गळका नळ नीट केला, कुरकुरणारं दार गप्प केलं, कपाटाचे खण सरळ केले. जेवायच्या आत घरातलं सगळं दुरुस्त! आता काय करायचं? जरा पाठ टेकावी म्हटलं, तर रस्त्यावर स्कूटर वाजली. दाजी ताडकन उठले. स्कूटर भलत्याचीच निघाली. पण तेव्हापासून दाजींची जी झोप उडाली, ती उडालीच. स्कूटर वाजली की हातात पाना, कुकरची शिट्टी झाली तरी हातात पाना! न बिघडलेलं घड्याळसुद्धा त्यांनी उघडलं, आणि मग ते खरोखरच बिघडलं.

"अहो, जरा बसा की एका जागी!" बायको म्हणाली.

"बसू? काकांच्या पोटावर पाय देऊन बसू?"

"मग निदान माझ्या पायात येऊ नका. मी इतकी वर्षं या घरात राबतेय, मला कुणी पगार दिला? आणि मी लोळले का कधी?"

हा मुद्दा आपल्या बाजूचा आहे, हे दाजींच्या लक्षातच आलं नाही. ते घड्याळाची स्प्रिंग शोधत होते.

पुढच्या दिवशी बायकोने फरशी पुसायला काढली. चारही खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवल्या, फरशी पुसली आणि ती वाळेपर्यंत शेजारी जाऊन बसली. तेवढ्यात दाजी आतून आले. आता कारखान्याची रीत अशी, की जी वस्तू उलटी ठेवली ती खोलायची. कुणी कुणाला विचारत नाही. उलटी दिसली की खोल, सांधे साफ कर, नवा सरस लाव. दाजींचा जन्म त्यात गेलेला. हात आपोआप चालले!

बायको परतली तेव्हा फरशीवर खुर्च्यांच्या पायांचा ढीग होता आणि मधोमध दाजी, घामाने निथळत, प्रसन्न.

"अगंबाई! धडधाकट खुर्च्या होत्या हो त्या!"

दाजी भानावर आले. मेहुण्याला कळलं तर? चांगल्या खुर्च्या मोडणं याला तो काम म्हणणार होय? भराभरा सरस लावून खुर्च्या उभ्या केल्या, कपडे वाळत घालायच्या दोरीने आवळून बांधल्या. सरस रात्रभर तरी वाळायला हवा. आणि तेवढ्यात स्कूटर वाजली. या वेळी खरी! दाजींनी दोऱ्या सोडून सोफ्याखाली ढकलल्या.

"काय दाजी, लोळणं कसं चाललंय?" म्हणत मेहुणा खुर्चीकडे वळला.

"बसू नकोस!" दाजी ओरडले.

"का? बसलं की आळस येतो, हे पटलं वाटतं?"

"तसं नाही रे, बसू नकोस!"

"ताई, बघ गं! तुझ्या घरात मला बसायचीही चोरी?" असं म्हणून तो हट्टाने दाणकन बसला.

खुर्चीचे चारही पाय चार दिशांना गेले. मेहुणा फरशीवर. पाठ अशी धरली की उठता येईना. डॉक्टर घरी आले आणि महिनाभर हलायचं नाही म्हणाले. मग काय, मुक्काम ताईच्याच घरी.

पैज राहिली बाजूला, दाजी कारखान्यात रुजू. दोन-तीन दिवसांनी काका कामावरून तसेच, एप्रनसकट, दाजींबरोबर मेहुण्याला बघायला घरी आले. पडल्या पडल्या त्याचा रोजचा प्रश्न, "कारखाना चालू आहे ना? माझ्या घरचा खर्च वेळेवर पोचतोय ना?"

"पोचतोय," दाजी म्हणाले, "पण तू तर लोळतोयस."

"अहो, पाठ मोडलीय माझी! हौसेने लोळतोय का?"

"आणि काकांचे हात हौसेने थरथरतात?"

मेहुण्याने ताईकडे पाणी मागितलं. ताई पाण्याचा पेला घेऊन उभी होती. "बोल ना आता," ती म्हणाली, "का तुझाही पगार बंद करू या?"

"बरं बाबा!" मेहुणा शेवटी म्हणाला. "काकांना जन्मभर पगार. येवोत न येवोत!"

काकांचे डोळे भरून आले. दाजींना तर आनंद मावेना.

"आता बघच तू! हक्क मिळाला म्हणून माणूस काम सोडतो होय? काका उद्या सगळ्यांच्या आधी हजर असतील! काय काका?"

काकांनी डोळे पुसले. पॉलिशने कडक झालेला एप्रन सोडला, नीट घडी घातली आणि दाजींच्या हातात ठेवला.

"उद्यापासून मी येत नाही."

"अहो काका! त्या मोठ्या कपाटाचं पॉलिश व्हायचंय!"

"येवोत न येवोत, असंच ठरलं ना?" काका म्हणाले. "तुम्हीच मिळवून दिलंत. देव तुमचं भलं करो!"

आणि काका गेले. मेहुण्याला असं हसू फुटलं की पाठ पुन्हा धरली.

दाजी एप्रन हातात घेऊन उभे होते. "हक्क म्हणजे हक्क," ते पुटपुटले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी कारखान्यात हजर झाले.