ठमाकाकूच्या पोटाचा फोटो

"एक्सरे म्हणजे काय? फोटोच तर! फक्त कातडीच्या आतला!"

मोरिवलीच्या विहिरीवर तुळशीनं हे इतक्या ठसक्यात सांगितलं, की बायकांनी भरलेले हंडे परत खाली ठेवले. तुळशी नववीत होती, शास्त्रात पहिली आली होती. गुरुजींनी पुस्तकात एक्सरेतला हात दाखवला तेव्हा सगळा वर्ग शहारला आणि ही एकटी बोटांची हाडं मोजत बसली! त्यामुळे ठमाकाकूला कॅम्प दोनला डॉक्टरांकडे एक्सरेसाठी न्यायची वेळ आली तेव्हा हरिचंद्रकाकाच म्हणाले, "तुळशे, तूच जा गो संगती. मला त्यातलं काय समजतंय?"

प्रकरण मात्र ठसक्याचं नव्हतं. आई गेल्यापासून तुळशीला काकूनंच वाढवलं होतं. "पोरीची शाळा पुरे झाली" असं सगळं घर म्हणत होतं, तेव्हा काकू विझलेल्या चुलीपुढे मांडी घालून बसली. म्हणाली, "पोर शाळेत जाईल, तवाच चूल पेटंल." पेटली! त्याच काकूच्या उजव्या बरगडीखाली आता वर्षभर असं दुखायचं, की भात लावता लावता ती चिखलातच बसायची. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "फोटोत खडा दिसला तर पोट कापावं लागेल. नाही दिसला तर औषधानं भागेल."

डॉक्टरांचं मशीन लष्कराच्या एका जुन्या बराकीत होतं. तिथला कंपाउंडर जयदेव नुसता घाईचा पुतळा. "माई, सोना-चांदी सब उतारो! जल्दी!"

काकूनं पोटापर्यंत लोंबणारं डोरलं मुठीत घट्ट धरलं. "धनी जित्ता हाय माजा. मी नाय काढायची!"

"माई, फोटो बिघडेल!"

"बिघडू दे! घो नाय बिघडवायची मी!"

बाकावरची माणसं माना उंचावून बघायला लागली. आता सगळ्यांचे डोळे तुळशीकडे. आणि शास्त्रात पहिली आलेली मुलगी अशा वेळी गप्प बसते होय? तिनं डोरल्याची गाठ सोडली, एक सोन्याचा मणी सरकवून काढला आणि काकूच्या कानात सांगितलं, "हा तोंडात धर. एक मणी अंगावर असला की डोरलं उतरलं असं होतच नाही."

काकूला ते एकदम पटलं आणि डोरलं तिनं तुळशीच्या हाती दिलं. तुळशीला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की तिनं दाराबाहेर उभं राहून वेणी दोनदा पुढे घेतली आणि दोनदा मागे टाकली.

आतून जयदेव ओरडला, "माई, सांस लो! रोको! हिलना मत!" काकू हलली, म्हणून पाच मिनिटांनी पुन्हा तेच; मग मशीन गुरगुरलं. झालं!

तासाभरानं डॉक्टरांनी ओली फिल्म उजेडासमोर धरली. त्यांचा चेहरा गंभीर झाला. बरगडीखाली वाटाण्याएवढा, पांढराशुभ्र, गोल गरगरीत ठिपका! "इतका स्पष्ट खडा मी आजवर पाहिला नाही," ते म्हणाले आणि मुंबईच्या मोठ्या सर्जनना चिठ्ठी लिहिली. परवा भरती करायचं. फोटो बघून नेमकं कुठे कापायचं ते सर्जन ठरवतील.

घरी आल्यावर तुळशीनं फिल्म उन्हात धरून सगळ्या आळीला खडा दाखवला. पण रात्री कोणी जेवलं नाही. हरिचंद्रकाका ओट्यावर बसून एकच विडी तीनदा विझवून तीनदा पेटवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू गाठोडं बांधायला बसली. हिरवं लुगडं तुळशीच्या लग्नाला ठेवायचं. काळी गाय विकायची नाही. सगळं शांतपणे सांगत होती. तुळशी मान खाली घालून ऐकत होती, नाकातून सूं सूं चाललं होतं.

"आणि एक काम कर गो," काकू म्हणाली. "त्या मोठ्या डाक्टराला सांगून ठेव. पोटातला खडा काढशील, तवा संगती माजा मणी बी काढ. तो धन्याच्या हातात द्यायचा."

"कुठला मणी?"

"त्यो गो! त्या मेल्यानं पयल्यांदा 'रोको' म्हणून बोंब ठोकली, तवा गेला ना घशाखाली! मग म्हटलं, अंगावर काय नि अंगात काय? उलट अंगातला पडायची भीती नाय!"

तुळशीनं फिल्म उचलली, अंगणात धावली, सूर्यासमोर धरली. ठिपका तसाच गोल, तसाच गरगरीत. आणि मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक! काल सगळ्या आळीला दाखवताना हे भोक तिला एकदाही दिसलं नव्हतं.

डॉक्टरांना काय सांगायचं? चूक माझी, असं? त्या बाकावरच्या माणसांदेखत? क्षणभर तिच्या मनात आलं, मुंबईचे सर्जन शहाणे असतील, त्यांना कळेलच की! मग दारातून ते गाठोडं दिसलं. शेजारी हिरवं लुगडं नीट घडी घालून ठेवलेलं. तिनं काकूचा हात धरला आणि टांगा गाठला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी दुसरा फोटो काढला. मणी आता खाली ओटीपोटात पोचला होता आणि बरगडीखाली काही म्हणजे काही नव्हतं!

"ठमाबाई, खडा दिसत नाही. मला वाटतं हे आम्लपित्त आहे. उपास किती करता?"

"चार."

"महिन्यात?"

"आठवड्यात!"

"आणि बाकीचे तीन दिवस?"

"सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं खाते."

डॉक्टरांनी मुंबईची चिठ्ठी फाडली. "कापायचं नाही. औषध देतो, पण आधी वेळेवर जेवायचं. सगळ्यांच्या अगोदर." काकू आयुष्यात पहिल्यांदाच डॉक्टरांसमोर रडली आणि तुळशी तिच्या पदरात तोंड खुपसून तिच्याहून मोठ्यानं रडली.

निघताना जयदेवनं जाता जाता सांगितलं, "ए छोकरी, माई का फोटो तो पेट का था ना? डोरलं वर गळ्याशी ओढून धरलं असतं तरी चाललं असतं! काढायला कोण बोलला?"

"तुम्हीच!"

"मैं तो सबको बोलता हूँ."

मणी तिसऱ्या दिवशी परत आला. हरिचंद्रकाकांनी तो सात पाण्यांनी धुतला आणि स्वतः ओवला. काकू आता सगळ्यांच्या आधी जेवते आणि उरलंसुरलं काका खातात.

मोरिवलीत कोणालाही एक्सरे काढायचा असला की आजही आधी तुळशीकडेच येतात. ती कातडीबितडी, हाडंबिडं काही सांगत नाही. फक्त म्हणते, "आधी तोंड उघडून दाखवा."